चादरीचं दुसरं टोक

“ओढ की गं,” दादा म्हणाला. दोघांच्या मध्ये चादर ढिली लोंबत होती.

“ओढतेय,” धाकटी म्हणाली आणि टोक तिच्या हातून सुटलं.

दादाच्या लाँड्रीत चादरीची घडी दोघांनी घालायची. समोरासमोर उभं राहून टोकं धरायची, झटका द्यायचा आणि मग चालत जवळ यायचं. धाकटीचा झटका असा, की दादा धडपडायचा. वर त्यालाच ऐकवायची, “जेवत नाहीस का रे?” जन्मतःच एक गुणसूत्र जादा घेऊन आलेली ही बहीण कामात कुणाला हार जायची नाही. लाँड्रीत सगळे तिला मुकादम म्हणत. हल्ली मात्र मुकादम बसल्या जागी पेंगायची आणि भर उन्हातही तिला स्वेटर लागायचा. अशा माणसांचं असंच होत जातं, अशी दादाने मनाची समजूत घातली आणि तिला घरी बसवायचं ठरवलं.

“मला काढतोस?” तिने विचारलं.

घरी बसवण्याआधी एकदा दाखवावं म्हणून तो तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्यांनी रक्त तपासलं.

“सगळं त्या जादा गुणसूत्राच्या माथी मारू नका,” त्या दादाला म्हणाल्या. “हिची थायरॉइड ग्रंथी मंदावलीय.” मग खुर्ची धाकटीकडे वळवली. “शरीराचे पहारेकरी कधी कधी घरच्याच माणसाला चोर समजून बडवतात. जादा गुणसूत्र असलं की हा धोका वाढतो. म्हणून दर वर्षी रक्त तपासायचं.”

“मग त्या पहारेकऱ्यांना कामावरून काढा,” मुकादम म्हणाली.

“ते नाही जमत. पण ग्रंथीचं काम आता गोळी करील. रोज सकाळी, उपाशीपोटी.”

दादाला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही केलं.

गोळीने लगेच काही जादू केली नाही. पण हळूहळू स्वेटर खुंटीवर गेला, पेंगणं थांबलं, आणि इस्त्रीवाल्याला पुन्हा बोलणी बसू लागली. तो बिचारा खूश होता.

एका सकाळी ती चादर घेऊन दादासमोर उभी राहिली. “धर.”

सवय मोडली होती, त्याने टोक सैलच धरलं. तिने झटका दिला आणि दादा थेट धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत जाऊन बसला. सगळी लाँड्री हसली, तोही हसला, हसता हसता त्याचे डोळे वाहू लागले.

धाकटीने आपलं टोक ताठ धरून ठेवलं होतं.

“ऊठ,” ती म्हणाली. “अजून खूप चादरी आहेत.”