पट्ट्यातली दोन बोटं

"अर्जदार आधाराशिवाय चालतो, सबब प्रवासभत्ता नामंजूर." वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. माझा मुलगा चालतो, हे मी कधी नाकारलं होतं?

वय सव्वीस, डोकं चौकटीला लागेल एवढी उंची, समज पाच-सहा वर्षांच्या पोराची. घरात आम्ही त्याला इन्स्पेक्टर म्हणतो, कारण उघडं दार त्याला बघवत नाही. कपाट असो, फ्रीज असो, नाहीतर रस्त्यापलीकडे थांबलेली गाडी असो, हा दार लावायला निघालाच. मधून ट्रक येतोय की सायकल, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लॉन्ड्रीत टॉवेलच्या घड्या घालायचं काम मिळालंय आणि त्या कामावर त्याचा भारी जीव. आजवर मीच ने-आण करत होते, आता माझा खांदा आखडला. भत्ता मिळाला तर सोबतीला माणूस ठेवता येईल. नाहीतर हा घरात आणि त्याची जागा दुसऱ्याला, असं लॉन्ड्रीवाल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं.

फेरतपासणीला दोघं गेलो. तपासणारे साहेब तरुण, बोलायला गोड.

"ताई, मागच्या वेळी मीच होतो की. हा अगदी ऐटीत चालत आला. तुम्ही तर त्याचा हातसुद्धा धरला नव्हता."

"हात धरत नाही आम्ही. एवढ्या बाप्याचा हात आईनं धरला की लोक हसतात, आणि त्याला ते कळतं." मी मुलाकडे वळले. "दाखवू का रे साहेबांना?"

त्यानं मान हलवली, पाठमोरा उभा राहिला. मी शर्ट जरासा उचलला. मागून कमरेच्या पट्ट्यात दोन बोटं अडकवून त्याला आवरायचं आणि वर शर्ट सोडायचा. मी, नवरा, धाकटी, सगळे यात तरबेज. शेजाऱ्यांनाही कधी पत्ता लागला नाही. आम्ही इतकं बेमालूम लपवलं, की ज्याला दिसायला हवं होतं त्यालाही दिसलं नाही. पण याची मला काडीची लाज नाही. मुलाचा मान राखला, चोरी नाही केली.

"घाला बोटं," मी म्हणाले.

"मी?"

"फाटकाबाहेर जाऊन या. मी बसते इथं."

खिडकीतून सगळं दिसत होतं. पलीकडे सामानाची व्हॅन मागचं दार उघडं टाकून उभी होती. इन्स्पेक्टर वळला आणि साहेब त्याच्यामागे फरफटत गेले. दुसऱ्या हातानंही पट्टा पकडला तेव्हा कुठे तो थांबला. एका मोटारसायकलवाल्यानं कचकन ब्रेक मारला आणि दोघांचा उद्धार केला. परत आले तेव्हा साहेब घामाघूम, आणि इन्स्पेक्टर फुगलेला, कारण दार लावायचं राहिलं होतं.

पाणी पिऊन साहेब हळूच म्हणाले, "ताई, एक सुचवू? 'चालता येत नाही' असंच लिहितो. नियमात ते लगेच बसतं. कोण बघायला येतंय?"

मोह झाला. खांदा ठणकत होता. पण इन्स्पेक्टर समोर बसून ऐकत होता.

"नाही. हा कधी उभा राहणार नाही म्हणून मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकले होते. पडत, धडपडत, रडत चालायला शिकलाय तो. आता भत्त्यासाठी मीच त्याला खाली बसवू? लिहा, चालतो. आणि लिहा, एकट्याला सोडता येत नाही. दोन्ही खरं आहे."

"तसा रकाना नाही, ताई."

"मग समासात लिहा. तुमच्या वरिष्ठांना पटलं नाही तर त्यांनाही फाटकाबाहेर फिरवून आणू. आम्हाला घाई नाही."

साहेबांनी पेन उघडलं. मग समासात बारीक अक्षरात लिहिलं, मोटारसायकलसकट. खाली मंजुरीची सही ठोकली आणि वाचून दाखवलं, "पाय उत्तम. रस्त्याचं भान नाही. सोबत लागतेच."

"माझे पाय उत्तम?" इन्स्पेक्टरनं मला विचारलं.

"उत्तम," मी म्हणाले. "आता तर सरकारनंही लिहून दिलंय."