गाढविणीची भरपाई

गावचे वडीलधारे हाजी औदा आणि शेजारचा झैदान चढण चढून येताना दिसले, तशी फिद्दाने गाढविणीला ओढत घरामागे नेऊन बांधलं. वर तिलाच दटावलं, "आता आवाज काढलास तर बघ!"

दटावून काय उपयोग? व्हायचं ते परवाच होऊन गेलं होतं. गाढविणीने झैदानचं कुंपण मोडून भेंडीचा वाफा फस्त केला होता, आणि हाकलायला आलेल्या झैदानच्या मांडीवर लाथही हाणली होती. तो अजून लंगडत होता. भरपाई म्हणून त्याने जनावरच मागितलं असतं, तरी अख्ख्या कराक मुलखात कुणी वावगं म्हटलं नसतं. पण झऱ्यावरून पाणी वाहणारी तीच होती, आणि नवरा गेल्यापासून फिद्दा मनातलं बोलायची तेही तिच्याशीच.

तिने कॉफी ओतली. हाजींनी पेला समोर जमिनीवर ठेवला. झैदाननेही तसंच केलं. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"फिद्दा, एक मागणं घेऊन आलोय," हाजी म्हणाले.

"माहितीये, काका. चूक माझीच." तिची मान ताठ होती. "प्या कॉफी. जे मागायला आलात ते दिलं."

"देव भलं करो!" हाजींनी एका घोटात पेला रिकामा केला. "आता लग्नाचा दिवस तेवढा ठरवू."

"लग्न? कुणाचं?"

"झैदानचं. तुझ्याशी. मग तू काय दिलंस?"

"गाढवीण!"

हाजी मिशीतल्या मिशीत हसले. "शब्द दिला तो दिला. कॉफी माझ्या पोटात गेली."

"तुमच्या गेली, काका. माझी इथंच आहे," झैदान म्हणाला. त्याचा पेला भरलेलाच होता. "तिने समजून दिलं नाही, ते मी घेणार नाही."

"आणि तुझी भेंडी? तुझा पाय?" फिद्दाने विचारलं.

"भेंडी जून झाली होती." तो खाली बघत म्हणाला. "पायाला चोळायला तू तेल घेऊन आलीस, आणि तासभर मलाच बोल लावलेस. माझ्या घरात कुणी भांडून किती वर्षं झाली, फिद्दा."

फिद्दाला रडू आलं आणि रडू आल्याचाच रागही आला. तिने त्याचा पेला उचलला आणि कॉफी अंगणात ओतून दिली. हाजींचा चेहरा पडला.

मग तिने किटलीतून वाफाळती कॉफी ओतली आणि पेला थेट झैदानच्या हातात दिला.

"गार झालेली कुणी पितं का?"