मागच्या घरी जायचा रस्ता

शहर कसकसं पसरत गेलं, हे नकाशावालीला विचारा. दर दहा वर्षांचे नकाशे एकावर एक ठेवून बघायचे, हीच तिची नोकरी. एकमेकांना मिळणारे रस्ते हिरवे, पुढे वाट नसलेले लाल. मधल्या जुन्या शहरात हिरवं जाळं आणि कडेच्या नव्या वसाहतींत नुसतं लालच लाल. आणि या बाईने स्वतःचं घर कुठे घ्यावं? त्याच लालात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याचं असं झालं, की तिला आणि दादाला पाठीला पाठ लागलेली घरं मिळाली. वसाहती दोन, मध्ये एक भिंत. आई दादाकडे राहणार आणि लेकीला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसणार, आणखी काय हवं? आनंदाच्या भरात पुढचं कुणी पाहिलंच नाही. पहिल्याच दिवशी ही गरम वाटी घेऊन दादाकडे निघाली. हमरस्त्याचा फेरा घालून पोचेपर्यंत वाटी गारढोण. दादा पोट धरून हसला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा! अगं, नकाशे तू काढतेस की मी?"

भिंतीत दार पाडायचं म्हटलं, तर दोन्हीकडची मंडळी चोराचिलटांची भीती घालून साफ नाही म्हणाली. आई मात्र खुशीत होती. सकाळी उठून भिंतीपलीकडून हाक मारायची, "झाला का गं चहा?"

एका रविवारी दुपारी हाक आली ती वहिनीची. "आई अजून तुमच्याकडेच ना?"

"माझ्याकडे? कशी येईल ती, वहिनी?"

"अहो, मागे लेकीकडे जाऊन येते म्हणून सकाळीच निघाल्या. मला वाटलं, तुम्ही गाडी घेऊन आलात."

नकाशावालीच्या पायाखालची जमीनच सरकली. जुन्या शहरात कुठल्याही गल्लीत शिरा, दोनदा वळा, मागच्या आळीत निघता. आई जन्मभर तशीच चालली होती. इथे तिला कुणी सांगितलं होतं, की रस्ते एकमेकांना भेटतच नाहीत? लेकीने तरी कुठे सांगितलं!

भावंडं गाडी घेऊन गल्ली न् गल्ली फिरली. आई सापडली ती थेट हमरस्त्याच्या दुभाजकावर. चपला हातात, दोन्हीकडून ट्रक सुसाट. दादाने करकचून ब्रेक लावला. लेक दार उघडून धावली.

"वेडी नाही झाले मी," गाडीत बसल्यावर आई म्हणाली. तिचे ओठ सुकले होते. "प्रत्येक गल्लीत शिरले. पुढे भिंत. लोक म्हणायचे, मागे फिरा. तुझी खिडकी एकदा दिसली बघ मला. मग दिसेनाशी झाली."

संध्याकाळी दादा भिंतीपाशी आला. "आता काय करायचं गं? आई परत निघाली तर?"

"फाटकाला कुलूप लाव," ती म्हणाली.

म्हणाली, आणि तिचं तिलाच खरं वाटेना. आईला कोंडायचं? हे आपण बोललो? ती खिडकीचा गज धरून सुन्न उभी राहिली.

भिंतीपलीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, आई सगळं ऐकत उभी होती.

"लाव बाबा," आई म्हणाली. "ती म्हणतेय तर लाव."