चौदा मिनिटं कमी

अमेरिकन फुटबॉलचा सामना. मध्यंतराला यजमान एकोणपन्नास, पाहुणे शून्य. पाहुण्यांच्या खोलीत कोच वर्लिन टॉस्ट्रूडची एकोणीस पोरं बाकांवर मान घालून बसली होती. ऑगस्टात, हंगामाच्या सुरुवातीला, चव्वेचाळीस होती. कुणाचा गुडघा गेला, कुणाची बरगडी, कुणी डाकोटाच्या माळावरचा वारा अंगात शिरताच फ्लोरिडाला आपल्या घरी गेला.

कोपऱ्यात एमस रायडरचा खांदा आज तिसऱ्यांदा जागेवर बसवला जात होता. एमस सेंटर. त्याने वाकून चेंडू मागे दिला की खेळ सुरू, आणि त्याच क्षणी समोरचे धिप्पाड गडी त्याच्यावर कोसळत. शेवटच्या वर्षाचा मुलगा, हा त्याचा शेवटचा सामना. त्याच्या जागी कोण, म्हणून वर्लिनने बाकांवरून नजर फिरवली. ती एका किडकिडीत पोरावर थांबली.

"तिकडे बघू नका, कोच," एमस म्हणाला. "तो काडी आहे, मोडेल. मी आहे ना."

"हात वर जातोय का तुझा?"

"चेंडू पायांमधून द्यायचा असतो. वर नेऊन काय करू, टाटा करू?"

दोघं-तिघं हसली. बरगड्या धरून हसली.

वर्लिन बाहेर आला. हार्लन क्रीकच्या आपल्या छोट्या कॉलेजात तो चार वर्षं खेळला आणि मग तिथून कधी गेलाच नाही. मैदानावरच्या पांढऱ्या रेषा त्यानेच ओढल्या, जर्सी त्यानेच धुतल्या, बसही त्यानेच चालवली. एकतीस वर्षांत कोच म्हणून त्याने पोरांना एकच गोष्ट शिकवली. पाऊस असो, हिम असो, हार असो, जीत असो, साठ मिनिटं उभं राहायचं.

आणि आता पाय त्याला मैदानाच्या पलीकडे घेऊन चालले होते.

पलीकडचा कोच रॉस क्लिमेक. एकेकाळी वर्लिनच्याच हाताखाली खेळलेला. तो लंगडत पुढे आला.

"रॉस, घड्याळ छोटं करू या का?"

रॉसने कानांवरची टोपी वर सारली. "काय म्हणालात, कोच?"

"ऐकलंस तू. दोन्ही कोच हो म्हणाले की पंच वेळ कापतो. उरलेली दोन सत्रं पंधरा-पंधराच्या जागी आठ-आठ मिनिटांची कर."

"राखीव पोरं मी कधीचीच उतरवलीत."

"माहीत आहे. तीही माझ्या पोरांपेक्षा अंगाने दुप्पट आहेत."

"माझ्या वेळी हा नियम नव्हता का?"

"होता."

"बासष्ट-तीन होतं. मी रडत तुमच्याकडे आलो होतो, आता पुरे म्हणून. तुम्ही म्हणालात, रडायला बस आहे, इथे खेळ."

"म्हणालो होतो." वर्लिनची नजर रॉसच्या गुडघ्यावर गेली. "त्यानंतर दहा मिनिटांनी—"

"ते राहू द्या."

"विनवायला आलोय रे. आणखी काय बोलू ते सांग, बोलतो."

रॉस वळला आणि लंगडत पंचाकडे गेला.

पोरं मैदानावर परतली तेव्हा फलकावर आठ मिनिटं लागली होती. एमस थबकला. फलकाकडे पाहिलं, मग वर्लिनकडे.

"त्यांनी मागितलं?"

"नाही. मी."

"आम्हाला न विचारता?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो, म्हणालो असतो." एमसचा आवाज चिरकला. "सोमवारपासून मी काकाच्या सिमेंटच्या कामावर जाणार, कोच. हा खेळ मला पुन्हा कधी मिळायचा नाही. त्यातली चौदा मिनिटं तुम्ही देऊन टाकलीत."

हेल्मेट चढवून तो गेला. उरलेली सोळा मिनिटं तो प्रत्येक वेळी वाकला, प्रत्येक वेळी पडला, प्रत्येक वेळी उठला, आणि दर वेळी वर्लिन श्वास धरून उभा राहिला. छप्पन्न-शून्यवर शिट्टी झाली. एकोणीसही पोरं आपल्या पायांनी चालत बाहेर आली. वर्लिनने ती दोनदा मोजली. एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही.

बस भरली, तरी एमस दिसेना. वर्लिन परत खोलीत गेला. एमस एकटाच उभा होता, जर्सी अर्धी वर ओढलेली, खांद्यावरच्या जाड गाद्यांत अडकलेली. हात पुढे जात नव्हता.

"मी काढतो," वर्लिन म्हणाला.

"नको."

वर्लिन दारातच थांबला. बाहेर बसचं इंजिन घरघरत होतं. एमसने पुन्हा प्रयत्न केला, ओठ चावला, भिंतीला टेकला.

"ओढा," अखेर तो म्हणाला. "पण काही बोलू नका."

वर्लिनने आधी चांगला हात सोडवला, मग डोकं, मग दुखरा खांदा, हळू, अगदी हळू. पोरगा कळवळला. आजवर हजार पोरांची समजूत घातलेला तो माणूस तोंड मिटून ओढत राहिला.