काडेपेटीतली दाढ

सन १९६४. शारजाच्या लष्करी छावणीत रत्नागिरीचा नूरुद्दीन स्टोअरकीपर होता. सहीशिवाय सुतळीचा तुकडाही तो बाहेर सोडत नसे. मात्र त्याची स्वतःची बायको छावणीच्या दातांच्या दवाखान्यात फुकट राबायला जाई, आणि त्यावर कुणाचीच सही नव्हती.

"पगार नाही, रेशन नाही. निदान चहा तरी देतात का?" तो विचारी.

"देतात. पण पत्ती तुमच्या स्टोअरमधली, पाणचटच लागणार," बिलकीस म्हणे.

अवजारं उकळायची, पेशंटच्या गळ्याशी फडकं बांधायचं आणि इंग्रज डॉक्टरचं म्हणणं अरब शिपायांना हिंदीत सांगायचं, हे तिचं काम. इथल्या अरबांना बाजाराची हिंदी चांगली कळे.

एका सकाळी नूरुद्दीन कापसाचा गठ्ठा घेऊन दवाखान्यात पोचला, तर खुर्चीत मुसब्बह नावाचा शिपाई. गाल सुजून डोळा मिटायला आलेला. दाढेखाली पू धरला होता. दुपारी त्याची तुकडी वाळवंटातल्या चौकीवर निघायची होती. तिथे ना डॉक्टर, ना औषध. विष मानेत उतरलं तर माणूस हातचा जाणार. आणि हा पठ्ठ्या तोंडच उघडेना.

"सुईला घाबरतोय," डॉक्टर वैतागून म्हणाला.

नूरुद्दीनलाही ते पटलं. मिशा एवढ्या मोठ्या, आणि भितो चिमट्याला!

बिलकीस मात्र मुसब्बहची नजर कुठे आहे ते बघत होती. खुर्चीशेजारच्या बादलीत, रक्ताळलेल्या कापसात, मघाच्या पेशंटचा दात पडला होता.

"अहो," ती नवऱ्याकडे वळली, "माझी नखं, गळलेले केस मी कुठे टाकते?"

"टाकतेस कुठे? पुरतेस. आपल्या मुसलमानांत अंगाचं काही जाळत नाहीत, पुरतात."

"आणि या बादलीचं काय होतं?"

नूरुद्दीनने बादलीत डोकावून पाहिलं. बादली खड्ड्यात जाते आणि पेटवली जाते. त्यासाठी लागणारं रॉकेल तर तोच मोजून देत होता! दोन्ही रकमा त्याच्याकडेच होत्या, बेरीज बायकोने केली.

ती मुसब्बहला म्हणाली, "दाँत तुमको वापस मिलेगा. तुम खुद मिट्टी में रखना."

"जलायेगा नहीं?"

"नहीं."

"किस में देगा? पहले दिखाओ."

तिने डॉक्टरला सगळं सांगितलं. तो लाल झाला. "वर्षभर मला कुणी बोललं कसं नाही?"

"तुम्ही विचारलं कुठे, साहेब?" म्हणत तिने नवऱ्यापुढे हात पसरला. "काडेपेटी."

"सही..." सवयीने त्याच्या तोंडून निघालं.

"अहो!"

त्याने मुकाट्याने काड्या खिशात ओतल्या आणि रिकामी पेटी दिली. मुसब्बहने ती उघडून, उलटसुलट करून पाहिली आणि मग तोंड उघडलं. बिलकीसने त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दाढ निघेपर्यंत ना तो हलला, ना ती. आपल्या घरातली ही बाई नूरुद्दीनला नव्यानेच दिसत होती.

"खलास?" मुसब्बहने कापसातून विचारलं.

"खलास, हबीबी! खलास, दोस्त!" उत्तर नूरुद्दीननेच दिलं, तेही मोठ्याने.

दुपारी तुकडीचे ट्रक निघाले. मागे बसलेल्या मुसब्बहने छातीवरचा खिसा थोपटून दाखवला. नूरुद्दीनच्या तोंडात विडी होती, खिशात काड्याही होत्या. काडी ओढायला पेटी नव्हती.

"ओढा आता!" बिलकीस हसली. "उद्या डझनभर रिकाम्या पेट्या लागतील. कुणाची सही आणू?"

"राहू दे," विडी कानावर खोचत तो म्हणाला. "आणि चहाची पत्तीही घेऊन जा. चांगली."