माझ्या पोटातलं पत्र

मित्रांनो, मी एक जुना हार्प आहे, माणसाएवढं उंच तारवाद्य. माझ्या पोटात अकरा वर्षं एक पत्र पडून होतं. त्याला उत्तर गेलं नाही. दोष माझ्या मालकाचा, इद्वलचा होता असं म्हणता येईल, पण माझाही होता. ते कबूल करायला मला इतका वेळ लागला, याची लाज वाटते.

वेल्समधल्या कोर्वेनच्या एका सुताराने मला घडवलं. मला तारांच्या तीन रांगा. बाहेरच्या दोन जुळ्या, सारख्याच सुरांच्या. कोमल-तीव्र सूर मधल्या रांगेत. तिथे पोचायला दोन तारांच्या फटीतून बोट आत घालावं लागतं. मला डाव्या खांद्यावर टेकवतात. इद्वलच्या आजोबांनी मला लग्नांत वाजवलं. पुढे चॅपलमधल्या उपदेशकांनी नाच-गाण्याला पाप ठरवलं, तेव्हा आजोबांनीच मला गवताखाली लपवलं. ते दिवसही मी सोसले.

इद्वलची एकच शिष्या होती, नेस्ता. आजोबांची एक चाल त्याने तिला नुसती ऐकवून शिकवली. ती कागदावर कुठेच नव्हती. मग नेस्ता लंडनला गेली, आणि तिथे पायाने सूर बदलणारा सोनेरी हार्प उजव्या खांद्यावर घेऊन वाजवू लागली. मला फार मत्सर वाटला.

तिचं पत्र आलं तेव्हा इद्वलने ते फोडलंच नाही. "कायमच्या निरोपाचंच असणार," असं पुटपुटत त्याने ते माझ्या पाठीच्या भोकातून आत सरकवलं. आठवड्याने पस्तावून त्याने हात घातला, तो मनगटाशीच अडकला. पत्र तळाच्या फटीत बसलं होतं. ओल्या हवेत माझं लाकूड फुगतं. पत्र जरा सैल सोडावं असं मला वाटलं नाही, उलट मी ते घट्ट धरलं. मला उलटा करून हलवलं असतं, तर कदाचित निघालंही असतं. इद्वलने तेही केलं नाही.

खालची एक जाड तार छेडली, की पत्र खरखरायचं. आजोबांची चाल नेमकी त्याच तारेवर संपायची. इद्वलने ती वाजवणं सोडलं. लोक म्हणाले, म्हातारा विसरला.

गेल्या महिन्यात ती तार तुटली. नवी तार आतून ओवावी लागते. इद्वलची बोटं आता वाकडी झाली आहेत, म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीने, बेतीने, आपला बारीक हात आत घातला.

"अरे, इथे तर पोस्ट ऑफिस उघडलंय!" ती म्हणाली आणि पाकीट फोडून मोठ्याने वाचू लागली.

"मास्तर, चालीच्या शेवटी मधल्या रांगेत डावा हात जातो की उजवा? माझे हात विसरले. तुम्ही 'ये' म्हणालात तर ईस्टरला येते. उत्तर आलं नाही, तर तुम्ही रागावलात असं समजेन."

इद्वलने पत्र तिच्या हातातून ओढून घेतलं. "अकरा वर्षं ती मला रागावलेला समजतेय."

"आणि तू?"

"मी समजत होतो, ती मला विसरली."

"दोघंही शहाणे! लिही आता."

"आता कोणत्या तोंडाने लिहू? ती कुठे असेल, कोण जाणे."

"तिची आई अजून पुलापलीकडेच राहते. पत्ता मी आणते, लाजायचं काम तू कर."

इद्वलने चार कागद फाडले. चहा गार झाला. पाचव्या कागदावर एवढंच उरलं: "डावा हात. मी रागावलो नव्हतो, भित्रा होतो. ये."

मित्रांनो, माझ्यासारख्यांची धूळ तुम्ही पुसाल, तारा बदलाल. पण एखादी तार खरखरू लागली, तर ती टाळू नका. आत हात घालून बघा.

बेतीने पुलापलीकडून आणलेला पत्ता पाकिटावर घातला आणि बूट चढवले. रस्त्यापलीकडच्या भिंतीत लाल टपालपेटी आहे. उघड्या खिडकीतून तिचं लोखंडी झाकण खट्‌कन वाजलेलं ऐकू आलं, आणि माझी नुकतीच ओवलेली नवी तार कुणी न छेडताच हलकेच थरथरली. या वेळी तिच्याबरोबर काही खरखरलं नाही.