अक्काचं चित्र आणि माझ्यावरचा आळ

"चितर पुरं व्हई तोलोंग मन्हासंगे कोनीच बोलू नका."

चित्र होईस्तोवर आपल्याशी बोलायचं नाही, असं भिकुबाई अक्काने सगळ्यांना बजावलं आणि मला उजव्या हाताखाली घेतलं. त्यानंतर तिचा आवाज मी ऐकलेला नाही.

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. जळगावात पिंप्राळ्याला सुकदेव सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे, तिथे मी राबलो. राग धरणं बरं नव्हे, हे मलाही कळतं. पण आज मला राग आला आहे आणि तो गिळून गोड बोलणं मला जमणार नाही.

क्लासमध्ये आलो तेव्हा मी काळाभोर, चकचकीत होतो. मग भेळ खाल्लेल्या बोटांनी मुलं मला धरू लागली. पडद्यावरचा बाण अडला की मला टेबलावर आपटायचं, ही तिथली रीतच होती. काम झालं तर सर हुशार, अडलं तर मी बाद!

नीट वागली ती एकटी सुलक्षणा. ती तिथे शिकवायची, आणि भिकुबाई अक्का तिची आत्या. साक्रीकडच्या गावात अक्का दरवर्षी श्रावणात कानबाई देवी बसवताना तिच्या चौरंगामागच्या भिंतीवर चित्र काढायची. चित्र पुरं होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हा तिचा नेम. यंदा खांदा धरला, हात वर जाईना. तेव्हा सुलक्षणा म्हणाली, "अक्का, टेबलवर हात ठेवीसन काढ. मी छापी देसू, भिंतवर लावू."

त्यासाठी ती मला रात्री घरी नेऊ लागली आणि तिने चित्र काढायचा एक साधा प्रोग्राम लिहायला घेतला. पडद्यावरची खिडकी, बटणं आयती देणारं एक साधन तिने निवडलं. त्यात लिहिलेला प्रोग्राम तिच्या घरच्या लिनक्सवरही चालणार होता आणि क्लासच्या विंडोजवरही. सुरुवातीला नुसते ठिपके उमटले. मला भरभर फिरवलं की ठिपके लांब लांब पडत. "माउस उड्या मारतोय," शेजारची पोरं हसली. सुलक्षणा हसली नाही. तिने प्रत्येक ठिपका मागच्या ठिपक्याला रेघेने जोडला आणि माझ्यामागून पडद्यावर अखंड रेघ धावली. त्या दिवशी मी सुखावलो.

घरी सगळं ठीक चाललं. क्लासचं यंत्र मात्र जुनं. "सर, इथं एकदा तपासून बघू द्या," ती म्हणाली.

"चाललं ना घरी? मग पुरे! अक्कांना क्लासमध्येच आण. पालक येणार आहेत, त्यांनाही दिसू दे इथे काय काय शिकवतो ते. मग छापून देतो."

"सर, अक्का काढताना बोलत नाहीत."

"बरंच आहे की! क्लासमध्ये एक जण तरी गप्प बसेल," असं म्हणून सर हसले.

अक्का आली. तिचा तळवा खरखरीत होता, पण रेघ मऊ. सूर्य झाला, चंद्र झाला, कानबाईचा मुखवटा होत आला. पालक जमले. आणि सरांनी, न विचारता, अक्काच्या चित्रावर क्लासच्या जाहिरातीची खिडकी उघडली!

अक्काने मला घट्ट आवळलं. ती ओरडू शकत नव्हती. तिचा सगळा ओरडा मी माझ्या पाठीवर सोसला.

सरांनी खिडकी बंद केली. खाली पांढरं फटक.

"अक्का, काय पुसलंत? अहो, बोला ना!"

अक्काने नकारार्थी मान हलवली.

"म्हाताऱ्या माणसाच्या हाती कशाला द्यायचं हे?" कोणीतरी मागून म्हणालं.

"माउसच बाद आहे," असं म्हणून सरांनी माझी वायर यंत्रातून उपटली आणि मला भंगाराच्या खोक्यात भिरकावलं.

मी बाद? मी तर हाताची प्रत्येक हालचाल सांगितली होती! प्रोग्रामने रेघा फक्त पडद्यावर ओढल्या, ध्यानात ठेवल्याच नाहीत. घरचं नवं यंत्र झाकलेलं चित्र आपणच जपायचं; क्लासच्या जुन्यावर मात्र वरून झाकलं की पुसलं. एकदा तपासू दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

सुलक्षणाला ते उमगलं. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "सर, माउस चांगला आहे. चूक माझ्या प्रोग्रामात आहे. आणि तपासू न देण्याची चूक तुमची."

"आवाज खाली कर. पालक बसलेत."

"खालीच आहे, सर."

मग ती अक्कापुढे बसली. रविवारी कानबाई बसणार, गाणी अक्कानेच धरायची. चित्र पुरं नाही, तर बोलणं नाही. मग गाणं कुठलं? अक्काचे डोळे भरले होते.

"अक्का, आज प्रोग्रामले रेघा ध्यानमा ठेवाले शिकाडसू. तुन्हं चितर पुरं व्हई," सुलक्षणा म्हणाली.

मित्रांनो, काही बिघडलं की जो बोलू शकत नाही त्याच्या माथी मारू नका. तो गप्प आहे म्हणजे गुन्हेगार आहे, असं नव्हे.

सुलक्षणाने मला खोक्यातून उचललं, पदराने पुसलं आणि पिशवीत घातलं. अक्काला स्कूटरवर मागे बसवून ती घरी आली. हातात घेतलेला पाण्याचा पेला न पिता तसाच ठेवला. मला घरच्या यंत्राला जोडलं, प्रोग्राम उघडला, आणि त्यात रेघा जपून ठेवायला जागा करायला बसली.